विश्लेषण : ऑटोपायलट सुटला, तर विमान सांभाळणार कोण? ‘एअरमनशिप’ इतकी महत्त्वाची का?

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने ठाणे जिल्ह्याच्या डोक्यावरून जातात. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात ती वळून एका रेषेत येतात, नवी मुंबई आणि ठाणे खाडी ओलांडतात आणि घाटकोपरच्या इमारतींवरून धावपट्टी गाठतात. संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले की त्यांचे दिवे एकामागोमाग एक ओळीत दिसतात. हे सगळे यंत्रच करते, वैमानिक फक्त लक्ष ठेवतो, असा अनेकांचा समज असतो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोईंग ७८७ विमान कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानातील केबिन क्रूमध्ये डोंबिवली आणि बदलापूरचे तरुण कर्मचारीही होते. तेव्हापासून कॉकपिटमध्ये नेमके काय चालते, हा विषय या पट्ट्यातील घराघरात पोहोचला. त्या अपघाताची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न त्याहून जुना आहे : संगणकांनी भरलेल्या विमानात वैमानिकाच्या हाताला आणि डोक्याला किती महत्त्व उरले आहे? त्याचे एक उत्तर मुंबईच्याच समुद्रात, १९७८ मध्ये मिळाले होते.

एअरमनशिप म्हणजे काय?

एअरमनशिप या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘वैमानिकाची समज’ हा त्यातल्या त्यात जवळचा. त्यात तीन गोष्टी येतात. पहिली, विमान हाताने उडवण्याचे कौशल्य. दुसरी, परिस्थिती ओळखून योग्य वेळी योग्य निर्णय घेण्याची क्षमता. तिसरी, शिस्त, म्हणजे हजार वेळा केलेली तपासणी एक हजार एकाव्या वेळीही तितक्याच काटेकोरपणे करणे.

वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवला जातो : ‘एव्हिएट, नेव्हिगेट, कम्युनिकेट’. आधी विमान हवेत नीट ठेवा, मग कुठे जायचे ते पाहा आणि मग रेडिओवर बोला. ऐकायला हे सोपे वाटते. पण कॉकपिटमध्ये एकाच वेळी चार धोक्याच्या घंटा वाजू लागल्या की नेमका हाच क्रम उलटतो. दोघेही वैमानिक बिघाड शोधण्यात गुंततात आणि विमानाकडे कुणाचेच लक्ष राहत नाही.

हाताने उडवण्याचा पायाही साधाच आहे. विमानाचे नाक क्षितिजाच्या किती वर किंवा खाली आहे आणि इंजिनाची ताकद किती आहे, या दोन गोष्टी ठरल्या की विमानाचा वेग आणि चढ-उतार जवळपास ठरतो. वेग दाखवणारे यंत्र बंद पडले तरी नाकाचा ठरावीक कोन आणि इंजिनाची ठरावीक ताकद कायम ठेवली, तर विमान सुरक्षित उडत राहते. हे आकडे वैमानिकांच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि ते पाठ असावेत, अशी अपेक्षा असते.

ऑटोपायलट काय करतो, काय करत नाही?

उड्डाणाच्या वेळी प्रवासी विमान वैमानिकच हाताने जमिनीवरून उचलतो. त्यानंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लावला जातो. पुढे तासन् तास उंची, दिशा आणि वेग राखण्याचे काम तो करतो. धावपट्टी जवळ आली की बहुतेक वेळा वैमानिक पुन्हा विमान हातात घेतो. दाट धुक्यात विमान आपोआप उतरवण्याची सोय आहे. पण त्यासाठी विमान, विमानतळ आणि वैमानिक अशा तिघांचीही त्या कामासाठी मान्यता लागते. याचा अर्थ असा की कित्येक तासांच्या प्रवासात प्रत्यक्ष हाताने उडवण्याचा वेळ अनेकदा काही मिनिटांचाच असतो.

ऑटोपायलट स्वतः निर्णय घेत नाही. सांगितलेली उंची, दिशा आणि वेग राखणे एवढेच त्याचे काम. चुकीचा आकडा दिला तर तो चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने पाळतो. शिवाय त्याला मिळणाऱ्या माहितीत तफावत आली, उदाहरणार्थ वेगाचे तीन मापक तीन वेगळे आकडे दाखवू लागले, तर तो स्वतःहून बंद होतो आणि विमान वैमानिकाच्या हाती सोपवतो. हवा शांत असताना, सगळे सुरळीत असताना काम यंत्राकडे असते. रात्र, वादळ आणि बिघाड एकत्र आले की ते माणसाकडे येते. विमान वाहतूक क्षेत्रातील सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

१ जानेवारी १९७८ : मुंबईच्या समुद्रावर काय घडले?

एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे कंपनीचे पहिले जंबो जेट. बोईंग ७४७ जातीचे हे विमान १९७१ मध्ये ताफ्यात आले होते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री त्याने सांताक्रूझहून दुबईसाठी उड्डाण केले. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते.

पश्चिमेकडे झेपावलेले विमान किनारा ओलांडून समुद्रावर आले आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळले. वळण संपवून ते पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनच्या समोरचा ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमान किती कललेले आहे हे दाखवणारे यंत्र, विमान अजून उजवीकडेच कललेले असल्याचे दाखवत राहिला. बाहेर काळोख होता. खाली समुद्र, वर आकाश आणि मध्ये क्षितिजाची रेषा कुठेच नाही. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवले. ते आधीच सरळ होते, त्यामुळे आता ते खरोखरच डावीकडे कलत गेले. हा कल शेवटी १०८ अंशांपर्यंत पोहोचला. म्हणजे पंख उभा होऊन त्याच्याही पुढे गेला. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात आदळले. सर्व २१३ जणांचा मृत्यू झाला.

कॉकपिटमध्ये त्या वेळी एकच कल-दर्शक नव्हता. सहवैमानिकासमोर दुसरा होता, शिवाय एक राखीवही होता. वळणाचा वेग दाखवणारे आणि दिशा दाखवणारे मापक वेगळे होते. कॉकपिटमधील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून, यंत्रात गडबड आहे हे शेवटच्या क्षणी लक्षात आल्याचे दिसते. पण कोणते यंत्र खरे आणि कोणते खोटे हे ठरेपर्यंत वेळ संपली होती. कॅप्टनचा कल-दर्शक बिघडल्यानंतर विमानाच्या स्थितीचे भान पूर्ण सुटले आणि इतर यंत्रांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. मृतांच्या नातेवाइकांनी विमान आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावा केला. १९८५ मध्ये तेथील न्यायालयाने कंपन्यांवरील निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

एक यंत्र बिघडल्याने जंबो जेट पडत नाही. ते एक यंत्र बिघडले आहे हे काही सेकंदांत ओळखून नजर दुसऱ्या यंत्राकडे नेण्याची सवय, हेच ते मूलभूत कौशल्य. वैमानिकांच्या भाषेत याला ‘स्कॅन’ म्हणतात. नजर एका यंत्रावर खिळू द्यायची नाही, सगळ्या यंत्रांवरून फिरती ठेवायची आणि त्यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहायची.

शरीर इतके का फसते?

ठाणे स्टेशनवर उभ्या असलेल्या लोकलमध्ये बसलेले असताना शेजारच्या फलाटावरची गाडी हलली की क्षणभर आपलीच गाडी सुटल्यासारखे वाटते. डोळ्यांनी मेंदूची केलेली ही फसवणूक. गाडी बोगद्यात शिरली की उलट घडते. बाहेरचे काही दिसत नाही, त्यामुळे गाडी किती वेगात आहे किंवा किंचित वळते आहे का, याचा अंदाज येत नाही.

विमानात हाच प्रकार जास्त गंभीर होतो. तोल सांभाळणारी यंत्रणा आपल्या आतील कानात असते. तिला बदल कळतो, पण संथ आणि एकसारखी गती कळत नाही. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेले आणि बाहेर क्षितिज दिसत नसेल, तर वैमानिकाला विमान सरळच आहे असे ठामपणे वाटते. ते खरोखर सरळ केले की उलट बाजूला कलल्याचा भास होतो. हे अनुभवाने जात नाही. हजारो तास उडवलेल्या वैमानिकाचा कानही नवशिक्याच्या कानासारखाच फसतो. फरक इतकाच की सराव असलेला वैमानिक कानाचे न ऐकता यंत्रांचे ऐकतो. तेही एका यंत्राचे नाही, तर अनेकांचे. हा सराव काही महिने बंद पडला, तर ती तत्परता कमी होते.

जगात इतरत्र काय अनुभव आला?

सर्वाधिक चर्चा झाली ती एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणाची. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेले एअरबस ए-३३० विमान अटलांटिक महासागरावर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे बिघडले आणि ऑटोपायलट सुटला. बिघाड एका मिनिटाच्या आत दूरही झाला. पण तेवढ्या वेळात विमान उडवणाऱ्या सहवैमानिकाने नाक वर खेचले होते. नाक जास्त वर गेले की पंखांवरून जाणारी हवा सुटते आणि पंखांची उचल कोलमडते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यातून बाहेर येण्यासाठी नाक खाली करावे लागते. हा धडा छोट्या विमानावर पहिल्या काही तासांतच शिकवला जातो. त्या रात्री धोक्याचा इशारा वाजत असतानाही नाक बराच काळ वरच राहिले. सुमारे ३८ हजार फुटांवरून विमान साडेतीन मिनिटांत समुद्रात पडले. २२८ जणांचा जीव गेला.

६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचे बोईंग ७७७ उतरत होते. हवा स्वच्छ होती. उतरण्याचा कोन दाखवणारी जमिनीवरील यंत्रणा मात्र दुरुस्तीमुळे बंद असल्याने धावपट्टी नजरेने पाहून उतरायचे होते. ऑटो-थ्रॉटल वेग सांभाळतो आहे, असे वैमानिकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्या वेळी तो वेग सांभाळत नव्हता. वेग घसरला, विमानाची शेपटी धावपट्टीआधीच्या बांधावर आदळली आणि ३ प्रवाशांचा मृत्यू झाला.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चे इंधन हवेतच संपले. किलो आणि पौंड यांच्या हिशेबातील गोंधळाने विमानात कमी इंधन भरले गेले होते. कॅप्टनला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान उडवण्याचा छंद होता. त्याने ते अवजड विमान ग्लायडरसारखे तरंगत नेले आणि गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. विमानातील सर्व ६९ जण वाचले. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने बंद पडल्यावर कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी साडेतीन मिनिटांच्या आत विमान हडसन नदीवर उतरवले. १५५ जण वाचले. दोन्ही वेळा यंत्रांनी साथ सोडल्यावर मूलभूत कौशल्यच कामी आले.

चांगला हात असला की पुरते का?

नाही. याचे वेदनादायी उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. कॅप्टन दीपक साठे, सहवैमानिक आणि १९ प्रवासी अशा २१ जणांचा मृत्यू झाला. साठे हे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी, हवाई दलातील माजी अधिकारी आणि कसोटी वैमानिक होते. विमान हाताळण्यातील त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घ्यावी अशी ही कारकीर्द नव्हती.

विमान अपघात तपास विभागाचा अहवाल २०२१ मध्ये आला. पावसाळी रात्र होती, पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता आणि दुसऱ्या प्रयत्नात वारा मागून होता. विमान ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर सुमारे ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकले. म्हणजे अर्धी धावपट्टी आधीच मागे पडली होती. त्याआधी सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती. ती पाळली गेली नाही आणि सहवैमानिकाने विमानाचा ताबाही घेतला नाही, याकडे अहवालाने लक्ष वेधले. ठरावीक कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण ठरवतानाच, व्यवस्थेतील त्रुटींकडेही दुर्लक्ष करता येणार नाही, असे अहवालात म्हटले होते.

म्हणून आज एअरमनशिपचा अर्थ फक्त ‘हात’ असा घेतला जात नाही. कनिष्ठाने वेळेवर आणि ठामपणे बोलणे, ज्येष्ठाने ते ऐकणे आणि दोघांनीही ‘आता सोडून देऊ’ म्हणू शकणे, हे त्याच कौशल्याचे भाग मानले जातात.

डोंबिवलीवरून जाणाऱ्या विमानासाठी हा नियम कसा लागू होतो?

उतरणारे विमान साधारण ३ अंशांच्या कोनात खाली येते. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. धावपट्टीपासून २० किलोमीटरवर असताना ते साधारण एक हजार मीटर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार फूट उंचीवर असते. एक हजार फुटांची उंची येते ती धावपट्टीच्या सुमारे ६ किलोमीटर आधी. मुंबईच्या बाबतीत ठाणे खाडी मागे पडते तो हा टप्पा.

बहुतेक विमान कंपन्यांत या सुमारास एक अट असते. वेग ठरलेल्या मर्यादेत हवा, चाके आणि फ्लॅप खाली हवेत, उतरण्याचा दर बेताचा हवा आणि विमान धावपट्टीच्या रेषेत हवे. याला ‘स्थिर ॲप्रोच’ म्हणतात. यातले एकही जुळत नसेल, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायचे.

मुंबईच्या पावसाळ्यात ही अट किती मोलाची आहे, हे १ जुलै २०१९ च्या रात्री दिसले. जयपूरहून आलेले बोईंग ७३७ मुसळधार पावसात मुख्य धावपट्टी संपवून पुढच्या चिखलात गेले. जीवितहानी झाली नाही. पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि ऐन पावसात शेकडो उड्डाणांचे वेळापत्रक कोलमडले.

नियामक काय म्हणतात?

एअर फ्रान्सच्या अपघातानंतर जगभरातील नियामकांची भाषा बदलली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएएने विमान कंपन्यांना सूचना दिली की परिस्थिती योग्य असेल तेव्हा वैमानिकांना हाताने उडवण्यास प्रोत्साहन द्यावे, कारण ऑटोमेशनच्या सततच्या वापराने कौशल्य कमी होऊ शकते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना म्हणजे आयकाओने, विमानाचा तोल अचानक जाण्याची स्थिती टाळणे आणि त्यातून सावरणे याचे वेगळे प्रशिक्षण आणले. २०२२ मध्ये एफएएने विमानाचा मार्ग, उंची आणि वेग यांवर लक्ष ठेवण्याबाबत नवे मार्गदर्शन दिले.

तासांचा वादही आहेच. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रादेशिक विमान स्टॉल होऊन कोसळले आणि ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाची अट आली. भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी २०० तास लागतात. त्यातील १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. त्यानंतर ज्या विमानावर काम करायचे त्याचे प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवर होते.

जास्त तास म्हणजे जास्त सुरक्षितता, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. सपाट हवेत सरळ रेषेत घातलेले हजार तास आणि वारा, पाऊस, तातडीचे उतरणे यांच्या सरावात घातलेले दोनशे तास यांची तुलना केवळ आकड्यांनी होत नाही. मात्र कमी तासांत परवाना मिळणाऱ्या देशात त्या तासांचा दर्जा जास्त काटेकोर असायला हवा, हे उघड आहे.

महाराष्ट्रात हे शिक्षण कुठे मिळते?

ठाणे-कल्याण पट्ट्यात उड्डाण प्रशिक्षणाची धावपट्टी नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली धावपट्टी आता उड्डाणांपेक्षा जमिनीच्या वादासाठीच ओळखली जाते. इथल्या विद्यार्थ्यांना बारामती, धुळे, गोंदिया किंवा नागपूरला जावे लागते. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षणही आता धुळ्याला होते. अनेकजण परदेशाचाही पर्याय निवडतात. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो आणि त्यासाठी घर गहाण ठेवणारी मध्यमवर्गीय कुटुंबेही असतात.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने सेस्ना विमान घेऊन निघालेल्या प्रशिक्षणार्थी तरुणीचे विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. ती जखमी झाली, पण बचावली. छोट्या विमानात शिकवले जाणारे ‘इंजिन गेले तर जवळचे मोकळे शेत शोधा’ हे प्रकरण पुस्तकापुरते नाही, याची ही आठवण.

प्रशिक्षण संस्था निवडताना म्हणूनच ‘किती महिन्यांत तास पूर्ण करून देता’ या एका प्रश्नावर थांबू नये. विद्यार्थ्यांच्या तुलनेत विमाने आणि प्रशिक्षक किती आहेत? स्टॉल, आडव्या वाऱ्यातील उतरणे आणि इंजिनाविना उतरणे यांचा सराव किती वेळा होतो? विमानांची देखभाल कोण करते? पावसाळ्यात किती दिवस उड्डाण होते? हे प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायला हवेत.

मग ऑटोमेशन धोकादायक आहे का?

असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ७ जुलै १९६२ च्या रात्री मुंबईला उतरण्यासाठी येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जणांचा मृत्यू झाला. आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत अशा चुकीच्या समजाने विमान आधीच खाली आणले गेले होते. पूर्वेकडून मुंबई गाठताना सह्याद्री ओलांडावा लागतो; माथेरान आणि मलंगगडाचे डोंगरही वाटेवर आहेत. आजच्या विमानात उपग्रहाच्या मदतीने स्थान कळते आणि डोंगर जवळ आला की ‘टेरेन, पुल अप’ असा आवाज येतो. या यंत्रणांनी असे अपघात खूपच कमी केले आहेत. थकलेल्या माणसापेक्षा यंत्र उंची अचूक राखते, इंधन वाचवते आणि वैमानिकाला विचार करायला मोकळीक देते.

वाद यंत्र हवे की माणूस, असा राहिलेला नाही. यंत्र नेमके कोणत्या स्थितीत आहे हे माणसाला सतत कळते आहे का आणि यंत्र सुटल्यावर सांभाळण्याइतका त्याचा हात तयार आहे का, हे दोन खरे प्रश्न आहेत. गर्दीच्या विमानतळावर, खराब हवेत ऑटोपायलट लावणे हीच चांगली एअरमनशिप. स्वच्छ हवेत, वर्दळ कमी असताना तो काढून सराव करणे हीसुद्धा एअरमनशिपच. अडचण अशी की सरावाची मुभा कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. हाताने उडवताना झालेली छोटी चूकही विमानातील नोंदींत दिसते. त्यासाठी जाब विचारला जाण्याची भीती असेल, तर वैमानिक बटण दाबून मोकळा होतो. सराव मग फक्त ठरावीक काळाने होणाऱ्या सिम्युलेटर चाचणीपुरता उरतो.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

विमान धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन अचानक जोरात वर गेले, तर घाबरण्याचे कारण नाही. तो गो-अराउंड असतो आणि बहुधा वैमानिकाने नियम पाळल्याची ती खूण असते. पंधरा-वीस मिनिटे उशीर होतो, कल्याण-डोंबिवलीवरून आणखी एक फेरी होते, इतकेच. त्यावरून कर्मचाऱ्यांशी वाद घालणे किंवा ‘वैमानिकाला उतरवता आले नाही’ असे व्हिडीओ पसरवणे यातून उतरण्याचा दबाव मात्र वाढतो आणि तो दबावच जीवघेणा ठरू शकतो.

पावसाळ्यात विमान जरा जोरात टेकले, तरी ते वाईट उतरणे नसते. ओल्या धावपट्टीवर चाके लवकर आणि ठामपणे टेकवणे सुरक्षित असते. अलगद उतरवण्याच्या नादात विमान पुढे तरंगत गेले, तर थांबायला धावपट्टी कमी पडते. उतरण्याची घोषणा झाली की पट्टा बांधून, खुर्ची सरळ करून बसावे आणि विमान थांबेपर्यंत उठू नये. वैमानिकाने आपले काम नीट करावे, अशी अपेक्षा ठेवताना प्रवाशाच्या हातात असलेले काम इतकेच आहे.